जुना संगणक आणि विस्कटलेलें पान

शहरांतील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक अजून चालू असतो. त्यावर पत्रें लिहितां येतात, घरखर्चाचा हिशेब ठेवतां येतो, लग्नमुंजीचीं छायाचित्रें पाहतां येतात. परंतु इंटरनेटवरील एखादें संकेतस्थळ उघडावयास गेलें, कीं पानाचा मेळच बसत नाहीं. शीर्षक एका कडेला, मजकूर दुसऱ्या कडेला, चित्रें एकावर एक चढलेलीं, मराठी अक्षरांच्या जागीं पोकळ चौकोन, नाहीं तर सगळा पडदा पांढराशुभ्र. कधीं पान येण्याऐवजीं ‘हें स्थळ सुरक्षित नाहीं’ असा इशाराच समोर उभा राहतो. अशा वेळीं घरांतील तरुण मंडळी ‘यंत्र जुनें झालें, टाकून द्या’ असा निकाल देऊन मोकळी होतात. वडील मंडळी इशारा न वाचतांच पुढें जाण्याचें बटण दाबतात. हे दोन्ही मार्ग उतावळेपणाचे आहेत. पहिल्यांत चालतें यंत्र फुकट जातें. दुसऱ्यांत जन्मभराची पुंजीहि जाऊं शकते. पान कां विस्कटतें हें नीट समजून घेतलें, तर यांतील पुष्कळसे दोष घरच्या घरीं दूर करतां येतात. आणि जे दूर होण्यासारखे नाहींत ते कोणते, हेंहि वेळेवर कळतें.

पडद्यावर दिसणारें पान दूरच्या ठिकाणाहून तयार चित्र म्हणून येत नाहीं, ही यांतील मुख्य गोष्ट होय. येतो तो मजकूर, आणि तो कसा मांडावा याविषयींच्या सूचना. मांडणीचें काम घरचा संगणकच करतो. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळच्या छापखान्याची येथें आठवण होते. लेखक हस्तलिखित पाठवी. कोणतें वाक्य ठळक घ्यावें, कोठें रकाना पाडावा, हें समासांत लिहिलेलें असे. पण प्रत्यक्ष पान उभें करी तो जुळारी. संगणकांत हें जुळाऱ्याचें काम ज्या प्रोग्रामकडे असतें, त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे सारे असे जुळारीच. हस्तलिखित नव्या पद्धतीचें आणि जुळारी जुन्या तालमीचा, असा प्रसंग आला म्हणजे पान बिघडतें. तेव्हां बिघाड बहुधा यंत्राच्या अंगांत नसून, पाठवणारा आणि मांडणारा यांच्यांतील समजुतींत असतो.

या समजुतीचा इतिहास फार जुना नाहीं. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं या जाळ्याची कल्पना मांडली, आणि मजकूर लिहिण्यासाठीं एचटीएमएल नांवाची खुणांची भाषा निर्माण केली. मांडणीच्या सूचना मजकुरापासून वेगळ्या ठेवणारी सीएसएस ही दुसरी भाषा १९९६ सालीं प्रमाण ठरली. पानांत हालचाल आणणारी जावास्क्रिप्ट ही तिसरी भाषा १९९५ सालीं जन्मास आली. आजचें कोणतेंहि पान या तीन थरांचें असतें. पहिल्या दोन भाषा क्षमाशील आहेत; न समजलेली सूचना ब्राउझर मुकाट्यानें वगळतो आणि पुढें जातो. तिसरी मात्र कडक आहे. तिच्या एखाद्या संहितेंत एकच अनोळखी खूण आढळली, तरी ब्राउझर ती सबंध संहिता बाजूस ठेवतो. पान वेडेंवांकडें दिसतें तें बहुधा दुसऱ्या थरामुळें, आणि कोरें राहतें किंवा बटणें दाबूनहि हलत नाहीं तें बहुधा तिसऱ्या थरामुळें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी निदानाचें अर्धें काम होतें.

निदान करण्यापूर्वीं तीन साधे प्रश्न विचारावे. तेंच पान घरांतील मोबाईलवर नीट उघडतें काय? उघडत नसेल, तर दोष त्या संकेतस्थळाचाच आहे. थोडें थांबण्यावांचून दुसरा उपाय नाहीं. दुसरा प्रश्न असा, कीं याच संगणकावर इतर पानें नीट दिसतात काय? सर्वच पानें एकदम बिघडलीं असतील, तर कारण संगणकाच्या घड्याळांत, इंटरनेटच्या जोडणींत किंवा ब्राउझरच्या एखाद्या मांडणींत शोधावें. तिसरा प्रश्न, याच संगणकावरील दुसऱ्या ब्राउझरमध्यें तें पान कसें दिसतें? एकांत बिघडलेलें व दुसऱ्यांत नीट, असें आढळलें तर यंत्र निर्दोष आहे हें सिद्ध झालें. या तीन प्रश्नांना दहा मिनिटें पुरतात, आणि तेवढ्यानें पुष्कळ खर्च वांचतो.

याच वेळीं कांहीं किरकोळ कारणेंहि तपासून पाहावीं; कारण पुष्कळदां जुनेपणाचा दोष त्यांच्यामुळें उगाच यंत्राच्या माथीं बसतो. प्रत्येक वेळीं सर्व कांहीं नव्यानें मागवावें लागूं नये म्हणून ब्राउझर पानांचे कांहीं भाग घरींच सांठवून ठेवतो. संकेतस्थळ बदललें आणि घरचा सांठा जुनाच राहिला, तर नवा मजकूर जुन्या मांडणींत बसवला जातो. कंट्रोल व शिफ्ट या कळा दाबून धरून आर ही कळ दाबली, म्हणजे क्रोम व फायरफॉक्स या दोहोंतहि पान सांठ्यावर विसंबून न राहतां पुन्हां मागवलें जातें. दुसरें कारण पान मोठें-लहान करण्याच्या सोयीचें. मुलांच्या हातून वा चुकून ही सोय २०० टक्क्यांवर गेली, तर ब्राउझर पडदा अरुंद आहे असें समजतो आणि मोबाईलसाठीं असलेली एका रकान्याची मांडणी दाखवतो. कंट्रोल व शून्य या कळा एकत्र दाबल्या, कीं पान मूळ आकारावर येतें. तिसरें कारण ब्राउझरला मागाहून जोडलेल्या उपकरणांचें. जाहिराती रोखणारें एखादें उपकरण जाहिरातीबरोबर पानाचा आवश्यक भागहि रोखून धरतें. खासगी खिडकींत अशीं उपकरणें बहुधा बंद असतात. तेथें पान नीट दिसलें, तर अपराधी सांपडला असें समजावें.

आतां इशाऱ्याच्या पानाकडे वळावयाचें. प्रतिष्ठित संकेतस्थळाजवळ आपल्या ओळखीचें एक प्रमाणपत्र असतें. त्यावर तें केव्हांपासून केव्हांपर्यंत ग्राह्य आहे, या दोन तारखा असतात, आणि खालीं एखाद्या विश्वस्त संस्थेची मोहोर असते. ब्राउझर प्रथम तारखा पाहतो. त्या पाहण्यासाठीं त्याच्याजवळ घरच्या संगणकाचें घड्याळ एवढेंच साधन असतें. मेजावरील संगणकांत, वीज बंद असतांनाहि घड्याळ चालू राहावें म्हणून, मुख्य पट्टीवर नाण्याएवढी एक बॅटरी बसवलेली असते. बहुधा ती सीआर २०३२ या क्रमांकाची, तीन व्होल्टची असते. कांहीं वर्षांनीं ती संपते, आणि संगणक दर वेळीं सुरू होतांना स्वतःच्या जन्मकाळाकडे, उदाहरणार्थ २००९ सालाकडे, परत जातो. मग आजचें प्रत्येक प्रमाणपत्र त्याला अजून अमलांत न आलेलें वाटतें, आणि तो सर्वच स्थळांना संशयित ठरवतो. कांहीं प्रमाणपत्रांची मुदत अवघी ९० दिवसांची असते. त्यामुळें घड्याळ कांहीं महिन्यांनीं मागें-पुढें झालें तरी तेवढ्यानें काम अडतें. यास्तव असा इशारा दिसला, कीं प्रथम पडद्याच्या कोपऱ्यांतील तारीख व साल पाहावें. तारीख दुरुस्त करून इशारा नाहींसा झाला, तर एक स्वस्त बॅटरी बदलून घेणें एवढाच उपाय उरतो.

तारीख बरोबर असूनहि इशारा येत असेल, तर प्रश्न मोहोरेचा असतो. कोणत्या संस्थांच्या मोहोरा खऱ्या मानाव्या, याची यादी संगणकांत किंवा ब्राउझरमध्यें ठेवलेली असते. यादी जुनी झाली, कीं नव्या मोहोरा तिला अनोळखी वाटतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं याचा मोठा प्रत्यय जगभर आला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रें देते. तिच्या प्रमाणपत्रांना ज्या जुन्या मूळ मोहोरेचा आधार होता, तिची मुदत त्या दिवशीं संपली. नव्या मोहोरेची ओळख नसलेले पुष्कळ जुने संगणक त्या दिवसापासून कित्येक निर्दोष स्थळें नाकारूं लागले. मॅक संगणकाची १०.११ ही व तिच्यापूर्वीची प्रणाली त्यांतच होती. विशेष असा, कीं त्याच संगणकांवर फायरफॉक्समधून तींच स्थळें सुखरूप उघडत. कारण फायरफॉक्स संगणकाच्या यादीवर विसंबून न राहतां स्वतःची यादी बरोबर बाळगतो. जुन्या यंत्रावर ब्राउझर बदलल्यानें काय साधतें, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

तिसरा अडथळा गुप्तभाषेचा. पान वाटेंत कोणी वाचूं नये म्हणून तें ज्या पद्धतीनें गुंडाळून पाठवतात, तिला टीएलएस म्हणतात. तिची १.० ही आवृत्ति १९९९ सालची, १.२ ही २००८ सालची व १.३ ही २०१८ सालची. पहिल्या दोन आवृत्ति, म्हणजे १.० व १.१, कमकुवत ठरल्यामुळें मोठ्या ब्राउझरांनीं २०२० सालीं त्या सोडून दिल्या. विंडोज एक्सपीबरोबरच्या इंटरनेट एक्सप्लोररला १.० च्या पुढची भाषाच येत नाहीं. म्हणून त्याला आजचीं बहुतेक स्थळें दारांतच अडवतात. विंडोज ७ वरील जुन्या एक्सप्लोररला १.२ येते, परंतु ती बंद ठेवलेली असते. ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या भागांत तिच्यापुढें खूण केली म्हणजे ती चालू होते. अर्थात् हा तात्पुरता उपाय झाला. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त करण्यांत आला असून, ज्या यंत्रावर दुसरा ब्राउझर चालतो तेथें त्याला पुन्हां कामास लावूं नये, हेंच श्रेयस्कर.

पान उघडलें, पण त्याची मांडणी कोसळली, तर दुसऱ्या थराचा विचार करावा. पानावर आडव्या-उभ्या रेघा आंखून त्यांत मजकूर बसवण्याची ग्रिड नांवाची पद्धति मार्च २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आली. त्यापूर्वींच्या ब्राउझरला ती ठाऊक नसल्यामुळें तो ती सूचना वगळतो, आणि शेजारीं शेजारीं यावयाचे रकाने एकाखालीं एक रचीत जातो. मजकूर सगळा असतो, पण पान लांबच लांब होतें. विंडोज एक्सपीवर हा भेद स्पष्ट दिसे. त्या प्रणालीसाठीं क्रोमची शेवटची आवृत्ति ४९ ही २०१६ सालची. तिला ग्रिड कळत नाहीं. फायरफॉक्सची शेवटची आवृत्ति ५२ ही मात्र मार्च २०१७ ची. तिला ग्रिड कळतें. यंत्र तेंच, प्रणाली तीच, केवळ जुळारी एका वर्षानें अधिक शिकलेला. तेवढ्यानें पान सरळ होई.

म्हणून विस्कटलेल्या पानावर पहिला खरा उपाय म्हणजे त्या यंत्रावर चालणारा नवींत नवा ब्राउझर बसवणें. विंडोज ७ व ८.१ यांच्यासाठीं क्रोमची १०९ ही जानेवारी २०२३ मधील आवृत्ति शेवटची ठरली. फायरफॉक्सनें या प्रणालींसाठीं जुलै २०२३ मधील ११५ ही आवृत्ति राखून ठेवली, आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मूळ मुदतीनंतरहि पुष्कळ काळ पुरवल्या. सबब विंडोज ७ च्या घरगुती संगणकावर फायरफॉक्सची ती दीर्घ मुदतीची आवृत्ति बसवून पाहणें हें पहिलें पाऊल ठरतें. ती मोझिला या तिच्या निर्मात्या संस्थेच्या स्थळावरूनच उतरवून घ्यावी. वाटेंत भेटणाऱ्या ‘येथें फुकट मिळेल’ अशा पाट्यांच्या नादीं लागूं नये.

केवळ वाचन हाच हेतु असेल, तर आणखी एक सोय उपयोगी पडते. फायरफॉक्समध्यें पत्त्याच्या पट्टींत उजवीकडे कधीं कधीं लहानशा पानाची खूण दिसते. ती दाबली, कीं जाहिराती, रकाने व अलंकार सारे बाजूस सारून केवळ लेख, मोठ्या व स्वच्छ अक्षरांत, समोर येतो. वृत्तपत्रांतील लेख वाचण्यास ही सोय फार चांगली. अधू दृष्टीच्या वृद्धांना तर नव्या संगणकावरहि ती हवीशी वाटेल.

कोऱ्या पानाचें कोडें याहून अवघड. जावास्क्रिप्टच्या २०२० सालच्या नियमावलींत प्रश्नचिन्हापुढें टिंब अशी एक जोडखूण नव्यानें आली. लिहिणाऱ्याचे श्रम त्यामुळें वांचतात, म्हणून ती सर्वत्र रूढ झाली. पण त्यापूर्वींचा ब्राउझर ती खूण पाहतांच थबकतो आणि ती सबंध संहिता टाकून देतो. अलीकडे पुष्कळ स्थळें पानाचा मजकूरहि या तिसऱ्या थराकडूनच भरून घेतात; मग संहिता गेली म्हणजे मजकूरहि गेला, आणि उरला तो पांढरा पडदा. येथें घड्याळ, सांठा किंवा आकार यांपैकीं कांहींच कामास येत नाहीं. नवा ब्राउझर हाच एक उपाय. कांहीं जुनीं पानें मात्र याच्या उलट कारणानें कोरीं राहतात. चलत्चित्रें व खेळ दाखवणारें फ्लॅश हें साधन अडोबी कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं बंद केलें. त्यावर उभारलेला भाग आज नव्या संगणकावरहि रिकामाच दिसतो. ‘फ्लॅश बसवा’ असें सांगणारी सूचना आज कोठें दिसली, तर ती फसवणुकीची समजावी.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा प्रश्न अक्षरांचा. त्यांतील बिघाडाचे प्रकार ओळखूं आले, तर उपायहि सुचतो. पहिला प्रकार, अक्षराऐवजीं पोकळ चौकोन. याचा अर्थ असा, कीं कोणतें अक्षर हवें हें जुळाऱ्याला समजलें आहे, पण खिळ्यांच्या पेटींत तो खिळा नाहीं. जगांतील लिपींना एकेक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीसाठीं १२८ जागा राखल्या आहेत. परंतु सर्व जागा एकदम भरल्या नव्हत्या. मराठींत ‘ॲप’, ‘ॲडमिशन’ असे शब्द लिहितांना लागणाऱ्या ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. विंडोज एक्सपी २००१ सालची. तिच्याबरोबर आलेल्या फॉन्टांत हें अक्षर असणें शक्यच नव्हतें. म्हणून इतर मराठी मजकूर स्वच्छ दिसत असतांना नेमक्या ‘ॲ’ च्या जागीं चौकोन उमटे. रुपयाच्या चिन्हाचेंहि तसेंच. भारत सरकारनें तें जुलै २०१० मध्यें स्वीकारलें, आणि त्याच सालच्या ऑक्टोबरमध्यें तें युनिकोडांत आलें. विंडोज ७ त्याच्या आदल्या वर्षीची. तिला तें चिन्ह मागाहून अपडेटच्या रूपानें द्यावें लागलें. तें अपडेट न घेतलेल्या यंत्रावर किमतीच्या आधीं चौकोन दिसला, तर त्यांत नवल नाहीं. यावर उपाय नवा फॉन्ट बसवण्याचा. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्त यांसारखे फॉन्ट विनामूल्य मिळतात. विंडोज ७ वर त्यांच्या फाइलीवर उजवें बटण दाबून ‘इन्स्टॉल’ म्हटलें, कीं ते पेटींत दाखल होतात.

दुसरा प्रकार, अक्षरें दिसतात पण त्यांचें लग्न लागत नाहीं. ‘किती’ या शब्दांतील पहिली वेलांटी अक्षराच्या मागून येते, जोडाक्षरें फुटून पाय मोडलेलीं अक्षरें सुटीं सुटीं उभीं राहतात. येथें खिळे आहेत, परंतु ते जोडण्याची कला प्रणालींत चालू केलेली नाहीं. विंडोज एक्सपींत ती मुद्दाम चालू करावी लागे. कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ या भागांत ‘लँग्वेजेस’ या पानावर संयुक्त लिपींसाठींची खूण करावयाची, मूळ सीडी घालावयाची आणि संगणक पुन्हां सुरू करावयाचा, असा तो विधि होता. २००७ सालच्या व्हिस्टापासून पुढें तो करावा लागत नाहीं.

तिसरा प्रकार, प्रत्येक मराठी अक्षराच्या जागीं तीन तीन चमत्कारिक लॅटिन खुणा. युनिकोडची जी सांठवणीची रीत सर्वत्र रूढ आहे, तींत देवनागरीच्या एका क्रमांकाला तीन घरें लागतात. ब्राउझरनें भलतीच रीत गृहीत धरली, कीं तो प्रत्येक घर वेगळें अक्षर समजून छापतो. मजकूर शाबूत असतो. वाचण्याची किल्ली चुकलेली असते. ब्राउझरच्या मेनूंत मजकुराची संकेतपद्धति बदलण्याची सोय असेल, तर तेथें युनिकोड किंवा यूटीएफ-८ निवडावें.

चौथा प्रकार या सर्वांहून निराळा. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपि यांसारख्या फॉन्टांच्या आधारें लिहिला जाई. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी खिळे बसवलेले असत. तो फॉन्ट संगणकांत नसला, कीं मराठी लेखाच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. अशा पद्धतीनें लिहिलेलीं जुनीं पानें आज अद्ययावत् संगणकावरहि वाचतां येत नाहींत; उलट ज्या जुन्या यंत्रांत तो फॉन्ट अद्याप आहे, तेथेंच तीं उमटतात. त्यांतील मजकूर युनिकोडमध्यें बदलणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. घरांतील एखाद्या जुन्या यंत्रावर आजोबांच्या आठवणी, संस्थेचा अहवाल किंवा कुलवृत्तान्त अशा फॉन्टांत लिहिलेला असेल, तर तें यंत्र चालू आहे तोंवरच ते लेख युनिकोडांत बदलून घ्यावे. विस्कटलेलें पान उद्यां पुन्हां उघडतां येईल. हा मजकूर एकदां गेला म्हणजे गेला.

येथपर्यंतच्या उपायांनीं पान सरळ झालें, तरी एक मर्यादा उरते. नीट दिसणें आणि सुरक्षित असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज एक्सपीला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजीं, ८.१ च्या जानेवारी २०२३ मध्यें. आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. त्यानंतर उघडकीस आलेलीं छिद्रें सर्वसाधारणपणें बुजवलीं जात नाहींत. म्हणून अशा यंत्रावर वर्तमानपत्र वाचावें, वेळापत्रक पाहावें, रेल्वेच्या गाड्या शोधाव्या. परंतु बँकेचें खातें, निवृत्तिवेतनाचे कागद, आयकराचें विवरणपत्र किंवा कोणताहि पासवर्ड घालण्याचें काम करूं नये. प्रमाणपत्राचा इशारा येत असतांना तर पैशाचा व्यवहार कदापि करूं नये, मग तें स्थळ कितीहि ओळखीचें असो. घड्याळ चुकल्यानें आलेला इशारा आणि भामट्याच्या स्थळामुळें आलेला इशारा दिसण्यांत बहुतेक सारखाच असतो. पुढें जाण्याचें बटण दाबण्याची संवय एकदां जडली, कीं खऱ्या संकटाच्या वेळींहि तेंच बोट तेंच बटण दाबतें.

जुन्या संगणकाच्या धन्याला गांठणारे लोकहि याच संवयीवर टपलेले असतात. ‘आपला ब्राउझर कालबाह्य झाला आहे, येथें दाबून नवा घ्या’ असें पान मध्येंच उघडतें. कधीं ‘संगणकांत विषाणु शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा कर्कश इशारा पडदा व्यापतो. ज्याचें पान रोजच बिघडतें, त्याला ही सूचना खरीच वाटते. नियम एवढाच पाळावा, कीं ब्राउझरची नवी आवृत्ति ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूंतून किंवा निर्मात्याच्या स्थळावरूनच घ्यावी. मध्येंच उघडलेल्या पानावरून कधींहि घेऊं नये. पडद्यावर दिसलेल्या क्रमांकावर फोन करूं नये, आणि परक्या माणसाच्या हातीं दुरून संगणक सोंपवूं नये. फसवणूक झालीच, तर सरकारच्या १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

मग जें यंत्र अंगानें धड आहे पण ज्याची प्रणाली निवृत्त झाली, त्याचें करावयाचें काय? विंडोज ११ ही २०२१ सालची प्रणाली अलीकडचा प्रोसेसर व सुरक्षेची विशिष्ट चकती मागते; दहा-पंधरा वर्षांच्या यंत्राला ती बहुधा साधत नाहीं. अशा वेळीं लिनक्सचा विचार करण्यासारखा आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं जिचा पाया घातला, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते. तींत ब्राउझर अद्ययावत् राहतो आणि देवनागरी चांगली उमटते. लिनक्स मिंटसारखी तिची हलकी आवृत्ति पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकांतील कांहींहि न पुसतां, आधीं चालवून पाहतां येते. त्यासाठीं यंत्र ६४ बिटांचें असलेलें बरें. डेबियन या प्रसिद्ध आवृत्तीनें २०२५ सालीं ३२ बिटांच्या यंत्रांसाठीं नवी प्रत बसवण्याची सोय बंद केली. पुष्कळ यंत्रांवर विंडोज ३२ बिटांची असली तरी आंतला प्रोसेसर ६४ बिटांचा असतो, हेंहि तपासून पाहावें. स्मृति, म्हणजे रॅम, दोन जीबी असेल तर ती चार करून घ्यावी; फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी बसवली तर यंत्राचा मंदपणा पुष्कळच कमी होतो. मात्र मराठी टंकलेखनाचे विंडोजसाठीं घेतलेले प्रोग्राम आणि कांहीं छपाईयंत्रें लिनक्सवर चालतीलच असें नाहीं. यास्तव आधीं सर्व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढावी, आणि मगच प्रणाली बदलावी.

आणि हे सर्व करूनहि यंत्र निकालांत काढावें लागलें, तर त्यांतील तबकडीवरचा मजकूर नीट पुसून तें अधिकृत संकलकाकडेच द्यावें. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांचा रोख अशीं यंत्रें अधिकृत पुनर्वापराकडे वळवण्याकडे आहे. रद्दीच्या ढिगांत त्यांची जागा नाहीं.

एवंच, विस्कटलेलें पान म्हणजे यंत्राचा मृत्युलेख नव्हे. घड्याळ, मोहोर, जुळारी आणि खिळे, या क्रमानें एकेक गोष्ट तपासीत गेलें, तर दोष कोठें आहे हें बहुधा सांपडतें. आणि वाचनाचें काम कोणत्या यंत्रावर व पैशाचें काम कोणत्या यंत्रावर, एवढा विवेक घरांतील लहानथोरांनीं पाळला, तर जुन्या संगणकाकडूनहि निर्धास्तपणें पुष्कळ वर्षें सेवा घेतां येते.